आयर्विनला किती झालं, असं इथे विचारता येत नाही

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१२ एप्रिल २०२५

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "निकाल नसू दे, पण काही अंदाज तरी असेल ना?" माझी बसची वेळ झाली होती. "नाही हो बाबा" एवढं म्हणून मी फोन ठेवला. एवढ्या उत्तराने तुमचं समाधान झालं नसणार. व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहिते. आजीलाही वाचून दाखवा.

आधी तारखांचं सांगते. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळावा म्हणून केलेले अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला गेले. जानेवारीअखेर फॉल क्वार्टरचे, म्हणजे डिसेंबरात संपलेल्या सत्राचे मार्क आणि पुढे घेतलेले विषय कळवून झाले. आता बर्कली, यूसीएलए, अर्व्हाइन आणि डेव्हिस या चौघांनी एप्रिल संपायच्या आत कळवायचं आणि आपण १ जूनपर्यंत त्यातल्या एकाला होकार द्यायचा. बर्कली आणि यूसीएलए अगदी महिनाअखेरीलाच कळवतात. म्हणजे आज काही आलं नाही यात वाईट काहीच नाही.

बाबा, ताईच्या वेळचे इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड आठवा. सीईटीचा पर्सेंटाइल हातात होता, मागच्या वर्षीचे कटऑफ समोर होते. तुम्ही दुकानाच्या वहीत कॉलेजांची नावं लिहून पुढे आकडे मांडले होते आणि यादी लागायच्या आधीच सांगितलं होतंत, वालचंद मिळतंय म्हणून. इथे तसा कटऑफच नाही. मार्क बघतात, ज्या शाखेला जायचं तिच्यासाठी लागणारे विषय झालेत का ते बघतात, आणि मग प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत लिहिलेली चार उत्तरं माणसं बसून वाचतात. शिकताना काम केलं का, घरची परिस्थिती काय, असं सगळं त्यात येतं. मागच्या वर्षी घेतलेल्या मुलांचे मार्क साधारण कितीच्या दरम्यान होते ते जाहीर असतं. त्यावरून मी त्या रांगेत उभी राहू शकते एवढं कळतं, पुढचं नाही.

तरी मुलं अंदाज काढतातच. आमच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजच्या लायब्ररीत संध्याकाळी चार-पाच जणांचं टोळकं जमतं. विद्यापीठाच्या पोर्टलवर आज नवीन बटण दिसलं का, वसतिगृहाची लिंक कुणाला उघडली का, "माहिती अद्ययावत करा" असा ईमेल कुणाला आला आणि कुणाला नाही, यावर तासन्‌तास खल चालतो. माझ्याबरोबर स्टॅटिक्सला एक व्हिएतनामी मुलगा आहे. त्याने मागच्या काही वर्षांच्या निकालाचे वार आणि वेळा कागदावर लिहून ठेवल्यात आणि यंदा शुक्रवारीच लागणार असं तो छातीठोकपणे सांगतो. मागच्या आठवड्यात मामाच्या फोनवर ५१० ने सुरू होणारा नंबर आला. तो बर्कली-ओकलंडकडचा कोड. मामाने स्वयंपाकघरातून धावत येऊन फोन माझ्या हातात दिला. पलीकडे दातांच्या दवाखान्यातली बाई मामाची पुढची तारीख पक्की करत होती. मामा बिचारा खूप हिरमुसला. मी त्याला सांगितलं की निकाल फोनवर कळवत नाहीत. तरी ५१० दिसला की अजूनही तो आधी माझ्याकडे बघतो.

हे सगळं बघताना मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. सांगलीच्या गावभागात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हा एकच प्रश्न विचारत होतो : "आयर्विनला किती झालं?" बाबा, तुम्ही दर तासाला फोन लावत होतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे मला तेव्हाच पाठ झालं. दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती, आणि शेजारचे काका म्हणत होते, त्या रेघेच्या वर काही येत नाही. पाणी ५७ फुटांवर गेलं आणि रेघ बुडाली. पण बाबा, तुम्ही त्या रेघेवर विसंबला नव्हतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणेला काय स्थिती आहे, अलमट्टीचा विसर्ग वाढवला का, हे तुम्ही विचारत होतात. म्हणूनच आजीला आणि आम्हाला वेळेत विश्रामबागला हलवलंत. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत येतंच, त्याला कारण आहे. पोर्टलवरच्या बटणाचा आणि माझ्या अर्जावर कुणीतरी घेतलेल्या निर्णयाचा तसा काही संबंध कुणी मला दाखवलेला नाही. म्हणून मी त्या टोळक्यात आता थोडा वेळच बसते. काळजी मलाही आहे. रात्री झोपायच्या आधी पोर्टल उघडून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. पण त्यात जे दिसतं ते मी तुम्हाला कळवणार नाही. अर्धवट काही कळवलं तर तिकडे तुम्ही दोघं त्यावर रात्र काढाल.

ज्याला खरोखर अर्थ आहे अशी एकच गोष्ट माझ्या हातात आहे, आणि तिच्याबद्दल आपलं नीट बोलणं झालेलं नाही.

डेव्हिस. सप्टेंबरमध्ये मी तिथे टॅगचा अर्ज केला होता. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा विद्यापीठांनी ही सोय ठेवली आहे : ठरलेले विषय ठरलेल्या मार्कांनी पूर्ण केले की प्रवेशाची हमी. एका वर्षी एकाच ठिकाणी अशी हमी मागता येते. बर्कली आणि यूसीएलए त्या सहांत नाहीत. माझा टॅग नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. औपचारिक पत्र या महिन्यात येईल, पण मी या क्वार्टरला घसरले नाही तर सिव्हिल इंजिनिअरिंगची जागा तिथे आहे. मी हे तेव्हा फोनवर सांगितलं, तर बाबा म्हणाले, "बरं झालं, काहीच नाही मिळालं तर ते आहे." ते वाक्य मला लागलं. रागाने नाही लिहीत, पण डेव्हिसकडे तुम्ही दोघांनी तसं बघू नये असं मनापासून वाटतं.

फेब्रुवारीत मामा मला तिथे घेऊन गेला होता. सॅक्रमेंटो आणि डेव्हिसच्या मध्ये हमरस्ता एका लांबलचक पुलावरून जातो, त्याला योलो कॉजवे म्हणतात. पुलाच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. झाडांचे शेंडे वर, विजेचे खांब अर्धे बुडालेले, बदकांचे थवे. माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं पूर आलाय. मामा म्हणाला, हे मुद्दाम आहे. सॅक्रमेंटो नदी फुगली की शहराच्या वरच्या अंगाला फ्रेमाँट वेअर नावाच्या बुटक्या काँक्रीटच्या बांधावरून पाणी आपोआप या मोकळ्या पट्ट्यात उतरतं. पुराचं पाणी त्या बांधावरून जायला कुठलं दार उघडावं लागत नाही. कुणी उघडायचं, कधी उघडायचं, कुणी उघडलं नाही, हा वादच नाही. पट्टा सुमारे ५९ हजार एकरांचा. पावसाळा इथे हिवाळ्यात असतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीत भात आणि टोमॅटो पिकतात. नदीला जागा ठेवलीय, आणि शेतकऱ्यालाही ती कसता येते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोठे पूर येऊन गेल्यावर नुसते बांध उंच करून भागत नाही हे इथल्या लोकांनी मान्य केलं. बाबा, मी मामाला गाडी पुढच्या फाट्यावर थांबवायला लावली आणि बराच वेळ तिथे उभी राहिले. कृष्णेला तशी मोकळी जमीन आपल्याकडे राहिलेली नाही हे मला ठाऊक आहे, सगळं जसंच्या तसं उचलून नेता येणार नाही. पण हे शिकायचं असेल तर त्या पाण्याच्या काठावरच शिकायला हवं. डेव्हिसमध्ये नद्यांच्या खोऱ्यांचा अभ्यास करणारं मोठं केंद्रही आहे.

म्हणून सांगते, बर्कलीचा होकार आला तर मला आनंदच होईल, त्यासाठी मी खूप राबलेय. पण मग आपण बसून बोलू. नाव मोठं म्हणून तिकडे, असं आधीच ठरवून ठेवू नका. आणि नकार आला तर आईने देव पाण्यात ठेवलेले काढून ठेवायचे, नवीन नवस बोलायचा नाही.

सदाकाकांनी लग्नात विचारलं म्हणे, "अमेरिकेला जाऊन साधं दोन वर्षांचं कॉलेज का?" त्यांना एवढंच सांगा की इथे १९६० पासून राज्याची योजनाच तशी आहे : पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ. पदवीवर विद्यापीठाचंच नाव येतं. परदेशी मुलांना विद्यापीठात मूळ फीवर वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर जादा फी पडते. ती चारऐवजी दोनच वर्षं भरायची, म्हणून तर आपण हा रस्ता धरला. मामाच्या घरी राहून जे वाचलं ते वेगळंच.

माझ्या हातात आता आहे ते हे क्वार्टर. काउन्सिलर बाईंनी बजावून सांगितलंय की एप्रिलमध्ये मिळणारा प्रवेश सशर्त असतो. जूनचे मार्क खराब आले तर दिलेली जागाही काढून घेतात. अंतिम गुणपत्रिका १ जुलैपर्यंत पोचवायची असते. त्यामुळे लिनिअर अल्जिब्रा आणि स्टॅटिक्स यांत पहाट होते. आई, जेवते. मामी रोज डब्यात भाकरी देते, ज्वारीचं पीठ इथल्या इंडियन दुकानात छान मिळतं.

आता काही कामं तुमच्याकडे. निकाल इथे दुपारी चार-पाचला लागतात, म्हणजे सांगलीत पहाटे साडेचार-साडेपाच. बाबा, तुम्ही रोज चारला उठून फोन बघता असं ताईने मला सांगितलं. कृपा करून तसं करू नका, बीपीची गोळी चालू आहे. कळलं की मी आधी ताईला कळवीन, आणि ती तुम्हाला चहाच्या वेळी सांगेल. चांगलं असो वा वाईट, ती लपवणार नाही, मी तिच्याकडून शब्द घेतलाय.

दुसरं, नवीन आय-ट्वेंटीसाठी (विद्यार्थी व्हिसाकरता विद्यापीठ देतं तो कागद) एका वर्षाचा खर्च भागेल एवढे पैसे असल्याचा पुरावा लागेल. कर्जमंजुरीचं पत्र आणि खात्यातल्या शिल्लक रकमेचा दाखला दोन्ही इंग्रजीत, बँकेच्या शिक्क्यासह हवं. दाखला आत्ता काढू नका, जुना झाला तर पुन्हा हेलपाटा पडेल. मे उजाडला की काढा. माझ्या पासपोर्टवर आडनावाचं जे स्पेलिंग आहे तेच पत्रात आहे ना, हे काउंटरवरच तपासून घ्या. विद्यापीठाच्या नावाची जागा मोकळी ठेवायला मॅनेजर तयार असतील तर उत्तम, नसतील तर डेव्हिसचं नाव घालायला सांगा.

आजीला नमस्कार, ताईच्या छोटीला पापा.

तुमची,
मृणाल