प्रिय फुलवाली

आगाशी, ऑक्टोबर

प्रिय फुलवाली,

तुझ्या नातवाच्या पहिल्या कम्युनियनला मला ताप आहे म्हणून आले नाही, तो ताप खोटा होता. मला तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं. इस्टरआधीच्या त्या झावळ्यांच्या रविवारनंतर आपण बोललो नाही त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. माझी साखर गोळीवर आहे, ह्यांचा खोकला पावसाबरोबर गेला. तब्येतीचं एवढंच.

मंगळवारी रात्री थोरल्याने जेवताना विषय काढला. रस्त्याकडची राजेळी केळी काढायची, भराव टाकायचा आणि लग्नाचं लॉन करायचं. विहिरीवर स्लॅब, स्लॅबवर कारंजं. मोबाइलवर नकाशाही तयार होता. तो बापाला दाखवला, मग धाकट्याने बघितला, गाड्या किती मावतील ते मोजून झालं. मी चुलीपाशी भाकऱ्या टाकत होते. सून तेवढी म्हणाली, "आईंना विचारलं का?" थोरला म्हणाला, "आईला काय विचारायचं, सातबारा पप्पांच्या नावावर आहे."

उर्मटपणे नाही गं बोलला, सहज बोलला. मीठ वाढ म्हणावं तसं. म्हणूनच मला घास गिळवेना.

आणि त्याच क्षणी तू डोळ्यांपुढे आलीस. झावळी हातात, चर्चच्या पायरीवर. मी सगळ्या वाडीदेखत तुला म्हणाले होते, "जमीन म्हणजे आई, तिला विकून फ्लॅट घेतलास." तू एकच वाक्य बोललीस, "सही मागायला माझं नाव कुठे होतं?" मला ती सबब वाटली. दोन वर्षं मी ती सबबच धरून बसले. मंगळवारी कळलं तू काय सांगत होतीस.

१९८३ साली मी ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात मला राजेळीचा घड कधी उतरवायचा ते शिकवलं, स्वयंपाक नंतर. सुकेळी तर त्यांच्याच हातची. पिकलेली राजेळी सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, रोज एकेक केळं हाताने फिरवायचं, दव पडायच्या आत झाकायचं, आठवडाभर ऊन सांभाळायचं, मग वाळक्या पानात बांधायची. चाळीस वर्षं मी त्या मांडवापासून हललेले नाही. ऊन कमी पडलं की रंग कसा बसतो आणि जास्त झालं की केळं कसं चिवट होतं, हे ह्यांनाही सांगता येणार नाही. ह्यांनी नांगरलं, खणलं, पाणी लावलं, ते मी नाकारत नाही. पण पहाटेच्या लोकलला मालडब्यात टोपल्या चढवायला आपण दोघी होतो. आठवतं, दादरला तू त्या पारशिणीला गजरा दिलास आणि माझ्या डझनभर केळ्यांचे पैसे वाजवून घेतलेस? ते पैसे अजून दिलेले नाहीस. विरारपर्यंत तुझ्या अंगाला मोगऱ्याचा वास यायचा आणि तू माझ्या खांद्यावर झोपायचीस.

विहिरीचंही तुलाच ठाऊक. टँकरवाले रात्रंदिवस पाणी उपसत होते, पश्चिमेकडच्या विहिरी खाऱ्या होत होत्या, तेव्हा सासूबाई कठड्यावर बसून राहिल्या आणि टँकरचा पाइप आत टाकू दिला नाही. 'हरित वसई'च्या मोर्चात तू तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन चाललीस, मी तुझी पिशवी धरली होती. २५ जुलै २०२४ ला ती चळवळ चालवणारे दिब्रिटो फादर गेले, त्या रात्री मी हे सगळं आठवून रडले आणि तुला फोन करायला हात गेला. केला नाही. अजून ते पाणी गोड आहे. मे महिन्यात शेजारची तीन घरं आपल्याच विहिरीवर येतात. त्यावर म्हणे कारंजं.

चर्चकडून धर्मग्रामाच्या नोंदणीचा फॉर्म आला होता. धाकट्याने भरला. ह्यांच्यापुढे शेतकरी, माझ्यापुढे गृहिणी. मी त्याच पेनाने गृहिणी खोडून शेतकरी लिहिलं. फादरांकडे दिला तेव्हा छाती धडधडत होती. वेदीला दर शनिवारी चाफा नेते, चर्चच्या व्हिन्सेंट डी पॉल मंडळातल्या बायांबरोबर आजाऱ्यांना डबे पोचवते. पण त्या शनिवारी मी पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी घेऊन देवळात गेले असं वाटलं.

पुतण्या वकील आहे ना, त्याला विचारलं. तो म्हणाला, आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसलं आणि मुलं असली तर विधवेला तिसरा हिस्सा. मी म्हटलं, मला विधवा व्हायचं नाही, मला नवरा बसलेला असताना बोलायचंय. मग त्याने लक्ष्मीमुक्तीचं सांगितलं. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. सरकारचा निर्णय १९९२ चा आहे. म्हणजे तुझी वाडी गेली तेव्हाही होता. हे लिहिताना हात थांबला माझा.

काल रोजरी झाल्यावर, मुलं आत गेल्यावर, ह्यांना म्हटलं, "माझं नाव लावा." ते मणी पिशवीत भरत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पोरांना काय वाटेल?" मी म्हटलं, "मला काय वाटतं ते बेचाळीस वर्षांत कधी विचारलंत?" एवढ्या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते "बघू" म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे कधी हो असतं, कधी पुढचा पावसाळा. रात्रभर डोळा लागला नाही. नाव लागलं तरी पोरांची पोटं त्या राजेळीवर भरत नाहीत हे मलाही कळतं. औषधांचा, मजुरांचा खर्च मीच वहीत मांडते. थोरला चुकीचा नाही, हेच जड जातं. त्याच्याशी भांडायचं की त्याचं ऐकायचं, ते मला तुझ्याशी बोलल्याशिवाय ठरवता येत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? लिफ्ट सुरू झाली का? लेकीचं काम पक्कं झालं असं कानावर आलं, मला फार आनंद झाला. नातवाला माझी पापी दे, तापाचं सांगू नकोस.

येत्या रविवारी आमच्या घरी मरियामातेची मूर्ती यायची आहे. संध्याकाळी ये, मिस्सेनंतर सरळ ये. पायरीवर जे बोलले त्याची माफी मला वाडीत, सगळ्यांदेखत मागायची आहे. ऑक्टोबरच्या उन्हातली पहिली सुकेळी काल उतरवली, दोन पुडे तुझ्या नावाने बांधून ठेवलेत. दादरचे पैसे मात्र घेऊन ये.

तुझी,
केळीवाली