सच्या, कितेंगेलाला जाऊन आलो

प्रिय सच्या,

तुझा मेसेज वाचला, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. तू विचारलंस नैरोबीत तुझं नेमकं काम काय, तिकडे तर सिंह ना? काम म्हणजे शहर पसरण्याआधी रस्त्यांसाठी जागा राखून ठेवा हे पटवत फिरायचं, ते खाली सांगतोच. आणि सिंह आहेत रे, शहराला अगदी लागून. नॅशनल पार्क 1946 पासूनचं आहे, शहराच्या बाजूने कुंपण आणि दक्षिणेकडे उघडं, म्हणजे झेब्रे, विल्डबीस्ट तिथून नदी ओलांडून खालच्या माळावर चरायला जायचे. आणि शनिवारी मी जाऊन आलो ते कितेंगेला नेमकं त्याच वाटेवर वसलंय, नैरोबीपासून तीसेक किलोमीटर. 2009 च्या जनगणनेत 58 हजार माणसं, 2019 ला दीड लाखाच्या वर. दहा वर्षांत! आपल्या बदलापूरचं झालं ना तसंच, फक्त इथे लोकल ट्रेनच्या जागी मटाटू, म्हणजे चौदा सीटांच्या व्हॅन नि मिनीबस.

तर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं होतं. इथे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, "फिफ्टी बाय हंड्रेड". 50 फूट बाय 100 फुटांचा प्लॉट, एकराचा आठवा हिस्सा धरतात, आपल्या हिशेबात साडेचार गुंठे. शिक्षिका, नर्स, ड्रायव्हर, सगळे सॅकोत (आपली पतपेढी समज) वर्षानुवर्षं पैसे टाकून एवढा एक तुकडा घेतात आणि मग घर हप्त्याहप्त्याने उभं राहतं, या वर्षी पाया, पुढच्या वर्षी दगडाचे चौकोनी ठोकळे, मग पत्रे, आणि गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया उभ्याच. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो, कर्ज न काढता घामाच्या पैशातून शहर बांधतायत ते. रस्त्याने जाताना रिकाम्या प्लॉटच्या भिंतींवर लाल रंगात लिहिलेलं दिसतं, "प्लॉट ही हाइउझ्वी", म्हणजे हा प्लॉट विकायचा नाही, कारण दुसराच कोणीतरी खोटे कागद दाखवून विकून मोकळा होतो. स्वाहिलीतलं "ही" म्हणजेही "हा, ही" बरं का, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकलोच.

आता त्याच्या घराची गोष्ट ऐक. प्लॉट घेताना एजंटने नकाशा दाखवला, त्यावर दारासमोर नऊ मीटरचा रस्ता. तो रस्ता त्या एका मालकाच्या जमिनीपुरताच खरा होता. पुढची जमीन दुसऱ्याची, त्याने तुकडे पाडताना आपली गल्ली वीस फूट बाजूला सोडली आणि तिसऱ्याने सोडलीच नाही. मग शेजाऱ्यांची कंपाउंडं एकेक हात पुढे सरकली. आज परिस्थिती अशी की पाण्याचा टँकर कोपऱ्यावरच थांबतो आणि तिथून त्याची दहा वर्षांची मुलगी वीस लिटरचा पिवळा कॅन अर्धवट भरून दोन्ही हातांनी ओढत आणते, मी घ्यायला गेलो तर देईना, पाहुणे आहात म्हणाली. ड्रेनेज लाईन नाही, सेप्टिक टँक आहे, तो उपसायची गाडी आत येत नाही म्हणून पाइपला पाइप जोडत बसायचं. बोअरवेल आहेत पण या पट्ट्यात फ्लोराईड जास्त, पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. शाळेसाठी जागा? कोणी ठेवलीच नाही, कारण ठेवणार कोण, प्रत्येकाने आपापली जमीन विकली, सगळ्यांची मिळून अशी कोणाचीच नव्हती.

आणि 2024 च्या एप्रिल-मे मधला पाऊस. अथी नदी फुगली, कितेंगेला, अथी रिव्हर (हे गावाचंही नाव आहे), म्लोलोंगो सगळीकडे पाणी शिरलं, माणसं अडकली. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले आणि मला एकदम 26 जुलै 2005 आठवला, उल्हास नदी घरात आलेली आणि तुझी आई गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन जिना चढत होती. नदीचं पात्र कुठपर्यंत हे म्हाताऱ्या लोकांना माहीत असतं रे, पण प्लॉट उन्हाळ्यात विकले जातात.

उत्तरेलाही हेच. थिका शहराला जाणारा आठ पदरी हायवे 2012 ला पूर्ण झाला आणि रुइरू, जुजाकडचे कॉफीचे मळे तोडून इमारती. रुइरू 2009 ला 2 लाख 39 हजार, 2019 ला 4 लाख 90 हजार. हायवे करताना अख्खं लक्ष नैरोबीत लवकर कसं पोहोचायचं यावर, पण तो ज्या गावांतून जातो तिथे पाच वर्षांत काय होणार याचा नकाशा आधी हवा होता. त्यात गाव एका काउंटीत (आपला जिल्हा समज, पण स्वतःचं सरकार असलेला), नोकरी दुसरीत. काउंटी सरकारं आलीच 2013 ला, नव्या राज्यघटनेनंतर. कितेंगेला काजियाडोत, रुइरू किआम्बूत, म्लोलोंगो मचाकोसमध्ये आणि सगळ्यांचा पगार नैरोबीत.

माझं म्हणणं एकच आहे आणि मी इथल्या प्रत्येक मीटिंगमध्ये तेच बोलतो: जमीन मोकळी आहे तोवर मोठ्या रस्त्यांची पट्टी आखून हद्दीचे दगड रोवा. डांबर नको, गटार आज नको, पैसे आले की करू, पण पट्टी राखा. समोरून नेहमी ऐकू येतं की बजेट नाही. अरे पण दगड रोवायला किती बजेट लागतं? घरं झाल्यावर तीच पट्टी मिळवायची तर बुलडोझर आणावा लागतो, आणि बुलडोझर कोणाच्या घरावर जातो ते तुला माहीत आहे. इथिओपियात 2013 पासून अदामा, बहिरदार, हवासा, मेकेले या चार शहरांनी हेच धरलं, शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर साधारण एकेक किलोमीटरवर तीस मीटर रुंदीचे रस्ते आखायचे, येणारी वस्ती त्यात बसेल. तिथे जमीन सरकारी असल्यामुळे सोपं गेलं हेही खरं.

इथे तसं नाही आणि मला ते समजतं. मसाई म्हणजे इथले पिढ्यान्पिढ्या गुरं राखणारे लोक, त्यांची जमीन इंग्रजांनी 1904 आणि 1911 च्या करारांनी काढून घेतली, नंतर उरलेली ग्रुप रँच म्हणून सामाईक होती ती वाटली गेली आणि विकली गेली. आता कोणी येऊन म्हणालं की रस्त्याला थोडी जमीन द्या तर पोटात गोळा येणारच. परवा एका बैठकीत एक मसाई आजोबा उठून म्हणाले, दिल्यावर मला परत काय मिळणार ते आधी कागदावर दाखवा. खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. मला मात्र लगेच तू आठवलास.

कारण तुमच्या टीपी (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) स्कीममध्ये तेच तर असतं ना. आपल्याकडे 1915 च्या कायद्यापासून चालत आलेलं, सगळ्यांनी आपला थोडा थोडा हिस्सा सोडायचा, रस्ता, शाळा, मैदान काढायचं, आणि उरलेली जमीन चौकोनी करून रस्त्याला लागून प्रत्येकाला परत. कायद्याची पुस्तकं मी त्यांना दाखवून काही उपयोग नाही, त्या आजोबांना चित्र बघायचंय.

म्हणून काम सांगतो. तुमच्या नगररचना ऑफिसात मंजूर झालेल्या, लोकांसाठी खुल्या असलेल्या एखाद्या छोट्या स्कीमचे नकाशे असतील, ओपी (मूळ प्लॉट) आणि एफपी (स्कीमनंतरचे अंतिम प्लॉट) दोन्ही, एकाशेजारी एक ठेवता येतील असे. वीस-पंचवीस शेतकऱ्यांचीच असू दे, मोठी नको, मोठ्यात माणूस हरवतो. स्कॅन करून पाठव, नावं झाकून. जमलं तर कोणाची किती गुंठे गेली आणि किती परत आली तो तक्ताही. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे, त्याच्या आधी मिळालं तर मी मोठ्या कागदावर छापून घेऊन जाईन आणि स्वाहिलीत समजावून सांगायला माझा सहकारी तयार आहे, त्याची मुलगीसुद्धा येते म्हणालीय.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का त्यांचं, काकूंचं म्हणतोय, ते कळव.

तुझा,
विन्या