झेंडा न उचलणाऱ्या पॅलाडिनला

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ऑनलाइन गेममध्ये तुम्ही पॅलाडिन, म्हणजे चिलखती योद्धा. तुमचं खरं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. दादा म्हणावं की ताई, तेही नाही. वॉरसाँग गल्च या रणांगणावरची मॅच संपली, तुम्ही तुमच्या सर्व्हरवर गेलात, मी माझ्या. म्हणून हे असं उघड लिहितोय. कुठूनतरी पोचेल.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये वर्षभर सण असतात. ब्रूफेस्ट, हॅलोज एंड, विंटर व्हेल, असे बरेच. त्यांचं सगळं साग्रसंगीत पार पाडलं की बसून उडायला जांभळा प्रोटो-ड्रेक, म्हणजे एक ड्रॅगन, मिळतो. मी क्लासिक, म्हणजे या गेमची जुनी आवृत्ती, खेळतो आणि माझं घोडं अडलं होतं मेच्या तोंडावर येणाऱ्या चिल्ड्रन्स वीकपाशी. एका अनाथ पोराला गावं दाखवायची, खाऊ घालायचा, इथपर्यंत सगळं गोड. मग त्याच पोराला घेऊन चार रणांगणांत उतरायचं. हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. त्यातली वॉरसाँगची अट सगळ्यात छळवादी: आपला झेंडा पळवणारा शत्रू पडला, की खाली पडलेला झेंडा आपण स्वतः परत पाठवायचा. तो जमिनीवर राहतो काही क्षणच. ज्याचा क्लिक पहिला, त्याचं काम झालं.

म्हणजे भांडण पलीकडच्यांशी राहतच नाही. आपल्याच बाजूच्या दहा जणांत झोंबाझोंबी. ज्यांच्या मागे पोर आहे ते झडप घालतात, ज्यांच्या मागे नाही ते “पोरं घेऊन कशाला येता इथं” म्हणून शिव्या देतात. आमच्या गिल्डचे, म्हणजे गेममधल्या आमच्या मंडळाचे, म्होरके तर “पुढच्या मेमध्ये नक्की लावून देऊ” एवढंच म्हणत आले. रेडला, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमेला, जखमा भरणारा हीलर कमी पडला की मात्र माझा नंबर त्यांना बरोबर सापडतो.

त्या रात्री सोलापुरात भिंतींना हात लावला तरी चटका बसत होता. लाईट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. दिवसभर एमआयडीसीत टॉवेलच्या गठ्ठ्यांची बिलं करून आलेला माणूस, आणि स्क्रीनवर माझं पात्र, हीलर प्रीस्ट, थांबत थांबत, उड्या मारत पळतोय. तुम्ही झेंडेवाल्याला पाडलंत तेव्हा मी पाच-सहा पावलं मागे होतो. आता गेलाच, म्हणून चॅटमध्ये सरळ मराठीत लिहिलं, “अरे थांबा की जरा!” कोणाला कळणार होतं?

तुम्ही थांबलात.

झेंडा तुमच्या पायाशी पडलेला. समोरून शत्रूचा एक ‘रोग’, म्हणजे लपून वार करणारा लढवय्या, धावत आला, त्याला तुम्ही हॅमर मारून जागेवर खिळवलंत, पण झेंड्याला हात लावला नाहीत. माझा क्लिक लागला, अचिव्हमेंट झळकलं, आणि मग चॅटमध्ये तुमची ओळ आली: “घेतलात ना? चला.” बस्स. कोण, कुठले, काही विचारलं नाहीत.

नंतर स्क्रीनशॉट पाहताना दिसलं, तुमच्या मागेही एक पोर उभं होतं. म्हणजे तो झेंडा तुम्हालाही हवा असणार. हे कळल्यावर मला काही वेळ सुचेना.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की सगळी गल्ली मोटारी लावते आणि टोकाच्या घराच्या नळातून नुसती हवा येते. अशा वेळी आमच्या गल्लीतल्या एक काकू आपली टाकी अर्धी असतानाच मोटार बंद करतात. कोणी सांगितलेलं नसतं, आणि टोकाच्या घराला कळतही नाही की पाणी कोणामुळे आलं. तुम्ही त्या काकूंच्या जातकुळीतले. अशी माणसं सभा घेत नाहीत, ग्रुपवर फोटो टाकत नाहीत, त्यामुळे त्यांची मोजदाद होत नाही आणि आपण उगाच म्हणत बसतो की माणुसकी राहिली नाही.

मॅच आपण हरलो, तीन-शून्य. मला त्याचं तिळमात्र दुःख नाही.

तुमचं काम नंतर झालं का? राहिलं असेल तर पुढच्या चिल्ड्रन्स वीकला हाक मारा, मी हीलर आहे, तुम्हाला पडू देणार नाही. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला याच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी माझ्याकडून. चादर हवी असेल तर तीही, खरी सोलापुरी.

आपला,
अक्कलकोट रोडचा प्रीस्ट

ता. क. ड्रेक मिळाल्यावर ज्या गिल्डवाल्यांनी “आपल्या गिल्डचा अभिमान” असं लिहिलं, त्यांचेही आभार. काहींनी एक चक्कर मारून आण म्हणून मागणी केली आहे. त्यांना नम्रपणे कळवतो की ड्रेकवर एकालाच बसता येतं.