शेवट ठरवायला टोकन कशाला?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

प्रेक्षकांनी मोबाइलवरून कौल द्यावा आणि त्याप्रमाणे नाटकाने वळण घ्यावे, याला माझी हरकत नाही. तरुण मंडळी असे काही करून बघतात याचा आनंदच आहे. हरकत आहे ती कौल देण्यासाठी आधी क्रिप्टो टोकन, म्हणजे खरेदी-विक्री करता येणारे आभासी नाणे, विकत घ्यायला लावण्याला. कोथरूड भागातल्या एका प्रयोगाला नुकताच गेलो होतो. तिकीट काढताना याची कुणी कल्पना दिली नव्हती. मध्यंतराच्या तोंडावर पडद्यावर क्यूआर कोड झळकला आणि निवेदकाने जाहीर केले की नायिका घर सोडते की थांबते, हे टोकनधारक ठरवतील.

मध्यंतरातला बटाटेवडा अर्थातच राहिला. टोकन ठेवायच्या वॉलेटचे अ‍ॅप घ्या, त्यात बारा इंग्रजी शब्द येतील ते कागदावर उतरवून ठेवा, कुणाला दाखवू नका, हरवले तर पैसे गेले, अशा सूचना. बाल्कनीत कागद कुठून आणायचा? शेजारच्या आजींनी तिकिटाची मागची बाजू पुढे केली आणि बारीक अक्षर दिसत नाही म्हणून शब्द मलाच मोठ्याने वाचायला सांगितले. ज्याच्या हाती ते शब्द, त्याच्या हाती अख्खे वॉलेट. म्हणजे आजींचे वॉलेट पुढच्या दोन रांगांनाही ऐकू गेले. त्यात रेंज नव्हती. आम्ही दोघेही मत न देताच दुसऱ्या अंकाला बसलो.

मोजणी झाली ती एका टोकनाला एक मत या हिशेबाने. ज्याच्याकडे जास्त टोकन, त्याची मते जास्त. नायिका थांबली. हात वर करायला सांगितले असते तर ती नक्की निघून गेली असती, असे निदान बाल्कनीतल्या कुजबुजीवरून तरी वाटले.

ही पद्धत आली फुटबॉलमधून. चिलीझ या कंपनीच्या सोशिओस अ‍ॅपवर युरोपातल्या मोठ्या क्लबांची 'फॅन टोकन' विकली जातात. गोल झाल्यावर मैदानात कोणते गाणे वाजवायचे, हे युव्हेंटसच्या टोकनधारकांनी मत देऊन ठरवले. बार्सिलोनाने 2020 मध्ये ड्रेसिंग रूममधल्या भिंतीवर कोणते चित्र काढायचे ते विचारले. प्रशिक्षक कोण असावा किंवा तिकीट किती असावे, हे कुणी विचारत नाही. मताची किंमत एवढीच, पण टोकनाचा भाव मात्र शेअरसारखा रोज वर-खाली होतो. घेणाऱ्यांत मत द्यायला आलेले किती आणि भाव चढेल म्हणून आलेले किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

पैसे देऊन कलाकाराला फर्माइश करणे आपल्याला नवे नाही, हे मला माहीत आहे. पुण्याच्या आर्यभूषण तमाशा थिएटरात किंवा चौफुल्याच्या कलाकेंद्रात नोट पुढे आली की हवी ती लावणी होते. दौलतजादा म्हणजे प्रेक्षकाचा सहभागच आहे, आणि तिथेही पैसेवाल्याची मिजास चालते. त्यातले बरेच काही असे आहे की त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण तिथली नोट त्याच रात्री फडात पडते, तिचे वाटे होतात, आणि देणारा ती उद्या दुप्पट होईल या आशेने देत नाही. टोकनात पैसा आधी टोकन काढणाऱ्याकडे जातो, मग टोकनांचा बाजार चालवणाऱ्या एक्स्चेंजकडे, मग व्यवहार नोंदवण्याचे शुल्क घेणाऱ्या नेटवर्ककडे. नटाच्या हाती काय पडते, हे मी त्या दिवशी तिथल्या एका मुलाला विचारले. तो म्हणाला, ''काका, आम्हाला नाइटच मिळते, टोकनचं आम्हाला काही माहीत नाही.'' नाइट म्हणजे प्रयोगाचे मानधन.

मी व्यवसायाने कर सल्लागार आहे, त्यामुळे यातली एक गोष्ट मला जरा जास्तच खुपते. 1 एप्रिल 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर उपकर. खरेदीची किंमत सोडून कोणताही खर्च वजा मिळत नाही. एका टोकनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही. शिवाय जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर 1 टक्का टीडीएस आहे. रक्कम किरकोळ असेल, पण फॉर्म किरकोळ नाही. एखाद्या निवृत्त शिक्षकाने शंभर रुपयांचे टोकन घेतले, मत द्यायचे राहिले, आणि महिन्याभराने ते दीडशेला विकले, तर त्याला 'सहज' हा साधा फॉर्म भरता येत नाही. मोठे विवरणपत्र घ्यायचे आणि खरेदी-विक्रीच्या तारखा वेगळ्या तक्त्यात लिहायच्या. पन्नास रुपयांच्या नफ्यासाठी. माझी फी धरली तर हे नाटक त्याला फारच महाग पडले, आणि मला असले अशील नको आहे.

गंमत म्हणजे हे सगळे टाळण्याची वाट सरकारनेच ठेवली आहे. गिफ्ट कार्ड, व्हाउचर, रिवॉर्ड पॉइंट, लॉयल्टी कार्ड यांना 30 जून 2022 च्या अधिसूचनेने आभासी मालमत्तेतून वगळले आहे. तिकिटावर एक सांकेतिक क्रमांक छापा, त्यावर एक मत द्या. ज्याला कलाकाराला वर काही द्यायचे असेल त्याच्यासाठी यूपीआय आहे. ते तर बाहेरच्या भाजीवालीकडेही आहे. खरेदी-विक्री करता येईल असे नाणे मध्ये कशाला हवे, याचे मला मिळालेले उत्तर होते, ''सर, कम्युनिटी बनते.'' पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' घुमतो तेव्हा कम्युनिटी फुकटात बनलेली असते.

पुणेकरांनी तरी याबाबत अधिक सावध असावे. महिन्याला दहा टक्के परतावा सांगून लोकांचे बिटकॉइन गोळा करणाऱ्या योजनेचे गुन्हे इथे दाखल झाले, सूत्रधाराला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये पकडले. पुढे 2022 मध्ये त्याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांना, तपासातल्या बिटकॉइनवरच डल्ला मारल्याच्या आरोपावरून, अटक झाली. करमणुकीच्या क्षेत्रातला धडा अमेरिकेतला आहे. कोचेला या संगीत महोत्सवाने 2022 मध्ये आजीवन प्रवेशाच्या दहा डिजिटल 'किल्ल्या' एफटीएक्स या एक्स्चेंजमार्फत विकल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स दिवाळखोरीत गेले आणि किल्ल्या तिथेच अडकल्या. महोत्सव काही बुडाला नव्हता, त्याचे गेट चालूच होते.

प्रायोगिक नाटकाला पैसा लागतो, सभागृहाचे भाडे परवडत नाही, हे मीही हौशी संस्थांसोबत रंगमंचावरचे दिवे लावताना पाहतो. त्या मुलांवर माझा राग नाही. टोकन विकणारी कंपनी प्रायोजक म्हणून दारात आली, चार पैसे दाखवले, तर ते हो म्हणणारच. म्हणून मागणी त्यांच्याकडे नाही, महापालिकेकडे आहे. बालगंधर्व रंगमंदिर, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, गणेश कला क्रीडा मंच या सगळ्या जागा महापालिका भाड्याने देते. भाड्याच्या अटींत तीन गोष्टी घालाव्यात. तिकिटाव्यतिरिक्त काही विकत घेतल्याशिवाय प्रयोगात भाग घेता येणार नसेल तर ते तिकीट विक्रीच्या वेळीच ठळक लिहावे. मत घ्यायचे तर एका खुर्चीला एक. आणि नाट्यगृहाच्या आवारात क्रिप्टो टोकनाची विक्री नको, मग ती प्रायोजकाच्या नावाने असो की प्रयोगाच्या. वडापावच्या स्टॉलला जागा देताना प्रशासन जेवढे नियम दाखवते, त्याच्या निम्मे इथे दाखवले तरी पुरे.

आपला,
एक कर सल्लागार व नाट्यप्रेमी वाचक,
सदाशिव पेठ, पुणे