ताई, त्या दहा सेकंदांसाठी थँक्यू

ताई,

समोर बोलायला गेले की मला रडू येतं आणि तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतेय, आणि उघडपणे लिहितेय, कारण बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतंय.

तुम्हाला माहितीच आहे, तीन वर्षांत माझं ऐकणं कमी कमी होत गेलं. कानाला मशीन लागलं. लोकांना वाटतं मशीन लावलं की झालं, चष्म्यासारखं. तसं नसतं हो. आवाज मोठा होतो पण शब्द सुटे होत नाहीत, स, श, फ असली अक्षरं तर उडूनच जातात, आणि पिक्चरमध्ये डायलॉगच्या मागे म्युझिक सुरू झालं की सगळा नुसता गलका. मग बाजूच्याला विचारायचं, काय म्हणाला तो? आणि उत्तर यायचं, काही नाही गं, असंच. अख्खं थिएटर ज्यावर हसलं ते "काही नाही" कसं असेल? पण मी परत विचारायचे नाही. सगळे हसले की मीही हसायचे, जरा उशिरा. एकदा मागच्या रांगेतून कुणीतरी शुक्शुक् केलं, तेव्हा माझ्याबरोबरची माणसं माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाहीत. आणि नंतर आमच्या ग्रुपने मला न विचारता तिकिटं काढली, का तर "तुला तसंही कळत नाही, उगाच बोअर होशील." ही माझी वीस वर्षांची माणसं. त्यानंतर दीड वर्ष मी एकही पिक्चर बघितला नाही.

मग तुमच्याकडे तो ट्वेल्व्ह अँग्री मेन लावलेला. १९५७ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जवळजवळ सगळा एकाच खोलीत, बारा ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारी साधी माणसं, एका मुलाला दोषी ठरवायचं की नाही यावर भांडतायत. मी मनात म्हटलं, संपलं, नुसती बडबड, मला काय कळणार. सबटायटल तुम्ही मी यायच्या आधीच लावून ठेवली होती, पण दोघं-तिघं एकदम बोलायला लागले की वाचायलाही पुरत नाही, आणि एका ठिकाणी माझी ओळ सुटली. मी काही बोलले नाही, फक्त तुमच्याकडे एकदा बघितलं असेल. तुम्ही माझ्याकडे न बघता रिमोट उचलला आणि पिक्चर दहा सेकंद मागे घेतला.

बस, एवढंच. "कळलं का?" नाही, उसासा नाही, "सांगू का?" नाही. नजर पडद्यावर, जसं काही तुम्हालाच ते परत बघायचं होतं. त्या दिवशी तुम्ही चौदा वेळा मागे गेलात, मी मोजलं. ९६ मिनिटांचा पिक्चर संपायला थोडा जास्तच वेळ लागला आणि एकदाही मला मी ओझं आहे असं वाटलं नाही.

आणि पिक्चर तरी कसला निघाला! त्यात एक म्हातारा साक्षीदार आहे, तो सांगतो की वरच्या मजल्यावरून मुलगा ओरडल्याचं मी ऐकलं. मग प्रश्न येतो की त्याच वेळी खिडकीबाहेरून रेल्वे धडधडत जात होती, त्या आवाजात त्याला ऐकू आलंच कसं? मी तिथे सावरूनच बसले. पण मला जास्त लागलं ते पुढचं. ज्युरीतला सगळ्यात वयस्कर माणूस त्या साक्षीदाराला खोटारडा म्हणत नाही, तो म्हणतो की आयुष्यभर ज्याचं कुणी ऐकलं नाही अशा माणसाला एकदा तरी आपलं बोलणं महत्त्वाचं ठरावं असं वाटतं, आणि मग तो स्वतःच ते खरं मानून बसतो. ताई, मी दीड-दोन वर्षं न ऐकलेल्या गोष्टींना मान डोलावत होते, म्हणून मला तो म्हातारा इतका कळला की तुम्हाला सांगता येणार नाही.

मग आपले रविवारचे पिक्चर सुरूच झाले. शोले मला पाठ आहे त्यामुळे ऐकायची गरजच नव्हती, आणि म्हणूनच बहुतेक पहिल्यांदा नीट बघितला. आतापर्यंत माझ्यासाठी शोले म्हणजे गब्बर आणि बसंती. या वेळी दिसली राधा, ती दिवे मालवत जाते आणि खाली जय माउथ ऑर्गन वाजवत बसलेला असतो, दोघांत जवळजवळ बोलणंच नाही, आणि तरी अख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात खरी गोष्ट तीच वाटते मला. जेलरचा भाग मात्र लांबलाय, हे मी आजही म्हणणार.

अशी ही बनवाबनवी तुमच्याकडे होता त्यात सबटायटलच नव्हती. मग तुम्ही पॉज करून, माझ्याकडे तोंड करून, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डेंचे डायलॉग म्हणून दाखवायला लागलात, पण ओळ पूर्ण व्हायच्या आधी तुम्हालाच हसू फुटायचं आणि मग मला तुमचं हसणं बघूनच हसायला यायचं, खरं खरं, उशिराचं नाही. विनोद लिहून वाचण्यात तशीही मजा नाही, बोलणाऱ्याच्या आधीच तो वाचून संपतो.

पुष्पकमध्ये तर संवादच नाहीत. १९८७ मध्ये कमल हासनसारखा नट घेऊन हे करायचं म्हणजे कमाल छाती हवी. पण तिथेही एक जागा होतीच. त्या मोठ्या हॉटेलच्या शांततेत त्याला झोप लागत नाही म्हणून तो टेप लावतो, आणि टेपवर काय आहे ते मला कळेना. तुम्ही थांबवून सांगितलंत, त्याच्या जुन्या खोलीजवळच्या थिएटरमधला मारामारीचा गोंगाट आहे, त्याशिवाय त्याला झोप येत नाही. तुम्ही नसतात तर मला तो सीन अर्धाच मिळाला असता.

अ क्वाएट प्लेस मला शेवटी शेवटी पळापळीचा वाटला, तुम्हाला आवडला, ठीक आहे. पण त्यातली मुलगी, मिलिसेंट सिमंड्स, तिला खरंच ऐकू येत नाही, आणि कॅमेरा तिच्या बाजूला गेला की आवाज पार जातो, ते बघताना मी तुमचा हात धरला होता. साउंड ऑफ मेटल मी घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. त्यातल्या ड्रमरचं मशीन वेगळं, ऑपरेशन करून बसवलेलं, माझ्यासारखं नाही, पण तो पार्टीत बसतो आणि सगळे आवाज एकमेकांवर चढतात ना, तिथे मी म्हटलं, हे, हे असं होतं मला. नवरा बराच वेळ गप्प होता.

मदत करणारे खूप असतात, पण बहुतेकांना ती केल्याचं दिसावं लागतं. तुम्ही माझ्या नात्यातल्या नाही, समोरच्या दारात राहता, आणि तुम्ही मला कधी जाणवूही दिलं नाहीत. इतकी साधी सभ्यता मला माझ्याच माणसांकडून मिळाली नाही याचा राग अजून गेलेला नाही, खरं सांगते.

तुम्ही बाहेरगावी गेलात तेव्हा मी एकटीने चॅप्लिनचा सिटी लाइट्स लावला. १९३१ चा, सगळीकडे बोलपट आलेले असताना त्याने संवादाशिवाय काढलेला. गाडीचं दार बंद झाल्याचं ऐकून ती आंधळी मुलगी त्याला श्रीमंत समजते, आणि ते दार पडद्यावर ऐकू येत नाही तरी सगळ्यांना कळतं, मलाही, इतरांइतकंच. काही सुटण्यासारखं नव्हतंच. तरीही मी दोन-तीनदा बाजूला बघितलं.

शेवटची दहा मिनिटं ठेवलीयत. तुम्ही आलात की लावू.