तबल्यावर कोण होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्रजीत नाव कमावून मायबोलीकडे वळलेल्या गायकांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. ग्लोरिया एस्तेफानबद्दल बहुतेक सगळं आलं. जन्म क्यूबातल्या हवानाचा, लहानपणीच अमेरिकेत मायामीला, इंग्रजी गाण्यांनी जगभर नाव आणि मग १९९३ मध्ये ‘मी तिएर्रा’, म्हणजे ‘माझी भूमी’, हा अख्खा स्पॅनिश अल्बम, वर ग्रॅमी. राहिले ते वाजवणारे!

मी नौपाड्यात तबला शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष नेमकं तिकडेच जातं. मेहुण्यानं दुबईहून ती कॅसेट आणली होती. स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही, पण ठेका कळला. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर वाजवतात, त्यांना क्लावे म्हणतात. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या, झाला ‘सोन’ या क्यूबन गाण्या-नाचाच्या प्रकाराचा ठेका. नवव्या मात्रेला, म्हणजे तीनतालात जिथे टाळी न देता ‘खाली’ दाखवतात तिथे, दांडक्याही गप्प. विद्यार्थ्यांकडून स्टीलच्या डब्यावर पेन्सिलीनं वाजवून घेतो. चौथ्या मात्रेला निम्मे घसरतात.

त्या अल्बममध्ये बासवर काचाओ, टिंबालेस या धातूच्या ढोलांच्या जोडीवर टिटो पुएंते, ट्रम्पेटवर आर्तुरो सांदोवाल. काचाओ तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेला. यानंच भावासोबत १९३० च्या दशकात दांझोन या जुन्या क्यूबन नृत्यसंगीताला नवी लय देऊन मांबो या नाचाच्या संगीताची पायवाट पाडली, आणि पुढे मायामीत लग्नाबारशांत वाजवून दिवस काढले. बाईंच्या अल्बममुळे क्यूबाचं जुनं संगीत नव्यानं घरोघरी गेलं ते अशा हातांच्या जोरावर. नुसती भाषा बदलून ते जमलं नसतं.

आमच्याकडे गेल्या महिन्यात जुन्या नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला. पत्रिकेवर गायिका, निवेदक, दीपप्रज्वलन करणारे, अगदी फुलांच्या सजावटीवाल्याचंही नाव. पेटी आणि तबला मिळून एकच ओळ: ‘साथसंगत : सहकारी’. त्या सहकाऱ्यांतला एक मी. वारसा जपल्याबद्दल शाल मात्र प्रायोजकांना.

आपल्या परीक्षणांतही ‘तबल्याची साथ पूरक होती’ एवढ्यावर भागवलं जातं. वार्ताहरांनी मध्यंतरात आत येऊन नाव विचारावं. आम्ही तिथेच असतो, चहाची वाट बघत.

एक तबलावादक,
नौपाडा, ठाणे (प.)