ईराचा कोगॅटचा निकाल

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

ईराच्या कोगॅटच्या, म्हणजे शाळेत मुलांची विचार करण्याची क्षमता मोजणाऱ्या चाचणीच्या, निकालाचा फोटो मिळाला. लेव्हल फोरसाठी, म्हणजे हुशार मुलांच्या पूर्ण वेळ वेगळ्या वर्गासाठी, अर्ज करावा का, असं तू विचारलंस. माझं मत: यंदा नको. आधी तिचं गणित मार्गी लाव. तुमच्या व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्समध्ये पुढच्या वर्षीही अर्ज करता येतो.

त्या निकालातला एकूण आकडा बाजूला ठेव आणि तीन भाग वेगवेगळे वाच. प्रत्येक भागाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) 16 असतं, म्हणजे 132 मिळवणारं मूल आपल्या वयाच्या शंभरातल्या साधारण अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे असतं. ईराला शाब्दिक भागात 112, अशाब्दिकमध्ये 128 आणि संख्यात्मकमध्ये 138 आहेत. सर्वांत वरच्या आणि खालच्या आकड्यात 24 किंवा जास्त फरक असला की निकालावर ई हे अक्षर छापतात. तिचा फरक 26 चा आहे. अशा मुलीबाबत एकूण आकडा फारसं काही सांगत नाही. तिला पूर्ण वेळ वेगळा वर्ग हवा आहे असं यातून दिसत नाही; गणित मात्र आत्ताच वेगळं हवं आहे.

आणि 112 पाहून घरातलं मराठी बंद करू नकोस, एवढं माझं ऐक. दुसरीच्या शाब्दिक भागात चित्रांवरचे प्रश्न असतात आणि वाक्य पूर्ण करण्याचा भाग इंग्रजीतून ऐकवला जातो. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचा हा आकडा त्याच्या समजेपेक्षा कमी येऊ शकतो. मराठी शाळाही चालू ठेव.

आता काम. दोन आठवडे तिच्या गणिताच्या कागदांवर तीन गोष्टी टिपून ठेव: किती मिनिटं लागली, किती चुकलं, चुकलेलं हिशेबात चुकलं की प्रश्न न वाचल्यामुळे. मग बाईंना भेट. "तिला कंटाळा येतो" असं म्हणू नकोस. ते वाक्य त्या रोज ऐकतात. विनंती नेमकी कर: पुढचा धडा सुरू होण्याआधीच त्याची शेवटची चाचणी ईराला द्या. तिला 85 टक्क्यांच्या आसपास आलं, तर जे येतं ते तास वगळायचे आणि जे चुकलं तेवढंच शिकवायचं. एकेका विषयापुरतं असं वरचं काम देणं हीच तिकडची लेव्हल टू. हा शब्द वापरलास की बाईंनाही सोपं जाईल.

बिघडतं ते असे तास वगळून वाचलेल्या वेळात. वीसऐवजी चाळीस बेरजा मिळाल्या तर मूल शहाणं होतं आणि मुद्दाम सावकाश लिहायला लागतं. नाहीतर त्याला शेजारच्याला शिकवायला बसवतात. कधीमधी ठीक, रोज नको. त्या वेळात खोल काम हवं: एकाच उत्तराचे तीन मार्ग, एखादी रक्कम नाण्यांनी किती प्रकारे जमवता येते आणि का, ते शोधणं, किंवा सरळ तिसरीचा गुणाकार.

माझा आग्रह कंटाळ्यापायी नाही. ज्या मुलाला तीन वर्षं सगळं पहिल्या फटक्यात येतं, त्याला अडल्यावर काय करायचं ते शिकायची संधीच मिळत नाही. मग अपूर्णांकांपाशी पहिल्यांदा अडलं की ते रडतं, नाहीतर "मला गणित आवडत नाही" म्हणतं. म्हणून दिवसाला निदान एक गणित असं हवं की दहा मिनिटं डोकं लावावं लागेल. त्या दहा मिनिटांत तू उत्तर सांगू नकोस. "कुठपर्यंत आलीस?" एवढंच विचार.

आपल्याकडे पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची प्रशाला, हुशार मुलांची शाळा, पाचवीपासून मुलं घेते. तुमच्याकडे दुसरीतल्या चाचणीवर तिसरीचा वर्ग ठरतो, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाचा आकडा एका वर्षात बराच हलतो. पुढच्या वर्षी भाषेतही ती वर्गाच्या पुढे दिसली तर अर्ज जरूर कर. त्याआधी सेंटरचा, म्हणजे लेव्हल फोर जिथे चालतं त्या शाळेतला, वर्ग बघून ये. भिंतीवरचे प्रकल्प पाहू नकोस, चुकलेल्या मुलाशी बाई कसं बोलतात ते ऐक. आजवर पहिली येणारी मुलगी तिथे मधे कुठेतरी येईल. बसचा वेळ, सुटलेल्या मैत्रिणी, हेही तिच्याशी बोल.

परीक्षेच्या तयारीचे क्लास लावू नकोस. आधी एकदा नमुन्याचे दहा प्रश्न दाखवलेस की पुरे. घोकून वाढलेला आकडा तिला अशा वर्गात नेईल, जिथे रोज दम लागेल.

आणखी एक: तिचे डोळे तपासून घे. फोटोत ती वही फार जवळ धरून लिहिताना दिसते.

दोन आठवड्यांची टिपणं झाली की फोटो पाठव.

तुझी,
आई